खुर्शीदबीनं उलटं बेतलं तेव्हा

वसमतच्या बसस्टँडमागं राठोड डॉक्टरांचा बारा खाटांचा दवाखाना होता, तेव्हाची गोष्ट. तिथल्या ऑपरेशनच्या खोलीत खुर्शीदबी कामाला होती. ती नर्स नव्हती. उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, शिवणकाम करून पोट भरणारी बाई. पण भाजलेल्या माणसाला कातडी लावायची असली की डॉक्टर आधी विचारायचे, "आपा आल्या का?" आणि आपा हात धुऊन उभ्या राहिल्याशिवाय पेशंटला आत घेत नसत.

तिचा नवरा मोहियोद्दीन लेडीज टेलर होता. धान्याच्या मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं टपरीएवढं दुकान होतं. ब्लाऊज बेतायला त्यानंच तिला शिकवलं. पुढं कावीळ होऊन तो गेला. लेकरूबाळ नव्हतं. दुकान तिनंच चालवलं. राठोड डॉक्टरांनी नवा दवाखाना काढला तेव्हा हिरव्या चादरी, गाऊन, टोप्या शिवायचं काम तिच्याकडं आलं. असेच एकदा शिवलेले गाऊन द्यायला ती गेली, तर डॉक्टर आपल्या खोलीत सोनाजी कंपाउंडरला काहीतरी समजावून सांगत होते. टाक्याच्या दोऱ्याच्या पाकिटातली रुपेरी पन्नी त्यांनी स्वतःच्या कोपरावर दाबली होती आणि सोनाजी ती कात्रीनं कापत होता. कड अशी चावल्यासारखी निघत होती.

खुर्शीदबी दारात उभी राहून बघत होती. तिला राहवलं नाही.

"कात्री हलवू नको रे, पन्नी फिरव," ती म्हणाली. "बगल कापताना कापड फिरवतेत."

डॉक्टरांनी वर बघितलं. पन्नी आणि कात्री तिच्यासमोर सरकवली. तिनं दोन मिनिटांत कोपराचा आकार अलगद सोडवून दिला, आणि विचारलं, "हे कशाचं बेतून राहिले सर?"

"कातडीचं," डॉक्टर म्हणाले.

तिथून सुरुवात झाली. डॉक्टर स्वतः तांड्यावरून शिकून वर आलेले. त्यांना माणसाच्या सर्टिफिकेटापेक्षा हाताचं कौतुक जास्त. त्यांनी तिला हात कसे धुवायचे, हातमोजे कसे घालायचे, कशाला शिवायचं आणि कशाला नाही, हे सहा महिने शिकवलं. मग आपल्या बाजूला उभं केलं. चाकू डॉक्टरांचा, टाका डॉक्टरांचा. माप तेवढं आपाचं.

आणि माप म्हणजे काय असतं, ते तिला फार लवकर कळलं. अंग सपाट नसतं. पट्टी धरून लांबी-रुंदी मोजली की गोल जागेवर तुकडा कमीच पडतो. म्हणून उघड्या जखमेवर पन्नी ठेवायची, बोटानं हलकं दाबत कडेपर्यंत न्यायची, कडेवर रेघ उमटते तिच्यावरून कापायचं. मोठ्या जखमेला पन्नी पुरत नाही, तिथं ओली जाळीची पट्टी पसरायची आणि तीच मांडीवर, जिथून कातडी घ्यायची तिथं, ठेवून खूण करायची. तळहाताचं माप घ्यायचं तर बोटं पूर्ण ताणून घ्यायची. आखडल्या हाताचं माप घेतलं तर हात आखडलेलाच राहणार. हात खाली सोडून घेतलेल्या मापाचा ब्लाऊज हात वर केला की बगलेत फाटतो, तसंच. कातडी अंगावरून सुटली की आकसते, तेव्हा रेघेच्या बाहेरूनच कापायचं. जांघेतली जाड कातडी नंतर कमी आवळते. मांडीवरचा पातळ पापुद्रा लवकर धरतो, पण पुढं महिनोन्महिने आवळत राहतो. हे सगळं डॉक्टरांनी सांगितलेलं. तिनं ते कापडाच्या भाषेत लावून घेतलं आणि मग ती विसरली नाही.

एक गोष्ट डॉक्टर दर वेळी सांगायचे. पन्नी उचलायच्या आधी तिच्या वरच्या अंगाला जांभळ्या शाईनं खूण करायची. बोटांकडं एक बाण, अंगठ्याकडं एक ठिपका. पन्नी पालथी झाली तर डाव्याचं उजवं होतं.

सुरुवातीची दोन वर्षं तिनं खूण केली. मग करायची सोडली. तिच्या नजरेत आकार बसायचा. शिवाय त्यांच्याकडं येणाऱ्या पाकिटांच्या पन्नीवर एका बाजूला छापील अक्षरं असायची, आणि ती नेहमी अक्षरं वर ठेवायची. सात वर्षांत एकदाही चुकलं नाही. नांदेडहून एक मोठे सर्जन बघायला आले होते, ते म्हणाले, "ह्या बाईच्या हातात माप आहे." ते वाक्य तिनं कितीतरी दिवस कुणाला न सांगता जपून ठेवलं. तिची भाची तरन्नुम तिच्याकडंच राहायची, बांगड्यांचा धंदा करायची. तिला मात्र सांगितलं.

मिराबाई आपल्या लेकीला घेऊन आली ती नोटबंदीच्या पुढच्या जानेवारीत. आखाडा बाळापूरजवळच्या एका वस्तीवरची ही माणसं. मिराबाईचा नवरा तातेराव हळद शिजवणाऱ्या टोळीत होता. आदल्या मार्चात एका शेतात पिंपाएवढ्या कुकरमधली शिजलेली हळद ताडपत्रीवर ओतली होती, वाफा निघत होत्या, आणि तीन वर्षांचं लेकरू पळत येऊन त्यावर पालथं पडलं. तोंड वाचलं. उजवा हात मात्र ढिगात रुतला. आधी घरचे उपाय झाले, मग जवळच्या गावात पट्ट्या झाल्या. जखम भरली, पण मूठ मिटूनच भरली. दहा महिन्यांनी प्रतिक्षा दवाखान्यात आली तेव्हा तिची बोटं तळहाताला चिकटल्यासारखी झाली होती आणि अंगठा आत वळून बसला होता.

मिराबाई तेव्हा फार तर तेवीस-चोवीस वर्षांची असेल. तिनं डॉक्टरांना काही विचारलं नाही. खुर्शीदबीला बाजूला घेऊन विचारलं.

"मावशी, उघडंल का हो हात?"

"उघडंल की. काहून न्हाई उघडणार? आमी लई हात उघडले."

ऑपरेशन सकाळी होतं. डॉक्टरांनी आखडलेली कातडी सोडवत सोडवत बोटं सरळ केली. तळहात पुरता उघडा पडला. वर चार बोटांच्या मुळांशी दातेरी कड, आणि एका बाजूनं अंगठ्याकडं लांब गेलेली जीभ, असा आकार. खुर्शीदबीनं पन्नी दाबली, रेघ उमटवली, फिरवत फिरवत कापली. सुरेख निघाली. मग ती सलाईनच्या पाण्याच्या वाटीत टाकली, कारण डॉक्टरांना अजून रक्त थांबवायचं होतं, आणि त्याला पंधरा-वीस मिनिटं लागली.

डॉक्टरांनी मान खाली घालूनच विचारलं, "आपा, खूण केली ना?"

"ध्यानात हाय सर."

खरं म्हणजे त्या आठवड्यात पाकिटं दुसरी आली होती. त्या पन्नीवर अक्षरं नव्हती. दोन्ही अंगांनी सारखीच रुपेरी. हे तिच्या लक्षात आलं ते वाटीतून पन्नी उचलताना. क्षणभर तिनं ती हातात फिरवली. पाण्यात पडून बाक गेला होता, सपाट झाली होती. पुन्हा जखमेवर ठेवून बघता आलं असतं. दहा सेकंदांचं काम. पण नुकतंच ती 'ध्यानात हाय' म्हणाली होती. तिनं मनाशी आकार आठवला, पन्नी जांघेवर ठेवली, कडेनं शाईची रेघ ओढली. डॉक्टरांनी त्या रेघेवरून कातडी काढली.

तुकडा तळहातावर ठेवला. जीभ अंगठ्याकडं जायला हवी होती, ती करंगळीच्या बाजूला चालली होती. डॉक्टरांनी तो तुकडा डावीकडं वळवला, उजवीकडं वळवला. उलटा बेतलेला तुकडा कितीही फिरवला तरी सुलटा होत नाही. खुर्शीदबीला हे सांगायची गरज नव्हती. दोन डाव्या बाह्या एका ब्लाऊजला लागत नाहीत, हे तिला मोहियोद्दीननं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

"चला," डॉक्टर शेवटी म्हणाले. "जमवू."

त्यांनी होतं त्यातच जमवलं. करंगळीकडचा जास्तीचा भाग कापला. अंगठ्याच्या मुळाशी जागा उघडी राहिली, तिथं मांडीवरचा पातळ पापुद्रा काढून लावला. करंगळीकडून कापलेला भाग तिथं का लावला नाही, असं सोनाजीनं नंतर विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, तो लहान पडला, आणि जांघेतून दुसऱ्यांदा काढायला लेकराला तेवढा वेळ भुलीत ठेवायची हिंमत नव्हती. वर कापसाचा गोळा बांधून पट्टी केली. बाहेर आल्यावर हात धुता धुता ते खुर्शीदबीला म्हणाले, "चूक माझी आहे, आपा. मी बघायला पाहिजे होतं."

तिनं 'न्हाई सर, माझी' असं म्हणायला हवं होतं. ती नळ बंद करून उभी राहिली.

तुकडे दोन्ही धरले. बाराव्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा प्रतिक्षाची बोटं उघडी होती. मिराबाई रडली. मग डोळे पुसून तिनं हात उजेडाकडं धरला आणि अंगठ्याजवळ बोट ठेवून विचारलं, "मावशी, हा तुकडा येगळा काहून दिसून राहिला?"

डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडं होते. सोनाजी पट्ट्या गुंडाळत होता. खुर्शीदबी म्हणाली, "असंच राहतंय ते. पुढं रंग मिसळतो. काई तकलीफ न्हाई."

"मंग ठीक हाय," मिराबाई म्हणाली.

हाताला प्लास्टरची फळी करून दिली. झोपताना रोज बांधायची, सहा महिने. लेकरू वाढतं, म्हणून महिन्याला येऊन फळी बदलून घ्यायची. हे सगळं तिनं नीट सांगितलं. पण मिराबाईला हेही सांगायला हवं होतं, की अंगठ्याजवळचा तुकडा पातळ आहे, तो आवळणार, ह्या पोरीला इतरांपेक्षा फळीची गरज जास्त आहे, रडली तरी सोडू नको. ते सांगायचं तर पातळ तुकडा का लावला हेही सांगावं लागलं असतं.

मिराबाई दोनदा आली. तिसऱ्या महिन्यात आली नाही. डॉक्टर म्हणाले, "फोन लावा त्यांना." खुर्शीदबी हो म्हणाली. रजिस्टरमधून नंबर काढून तिनं कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून घेतला. त्या दिवशी पेशंट बरेच होते. दुसऱ्या दिवशी तिला वाटलं, फोनवर काय बोलावं, आपण जाऊनच येऊ. बाळापूरची एसटी दवाखान्यासमोरूनच जायची. शुक्रवारी जाऊ म्हणाली, मग रमजान लागला, मग ईद. मग हळूहळू न जाण्याची सवय झाली. डॉक्टरांनीही पुन्हा विचारलं नाही. पुढं कधी बाळापूरचा पेशंट आला की ती त्याच्यासमोर जायचं टाळायची, कुठं ओळख निघेल म्हणून.

त्यानंतर मात्र तिनं एकही पन्नी खुणेशिवाय उचलली नाही. दोन-दोन खुणा करायची, वर पन्नी जखमेवर पुन्हा ठेवून बघायची. सोनाजीला वाटायचं, आपाचं वय झालं.

कोरोनानंतर राठोड डॉक्टरांनी वसमतचा दवाखाना बंद केला आणि ते नांदेडला एका मोठ्या इस्पितळात गेले. त्यांनी तिला बोलावलं होतं, पण गुडघे साथ देत नव्हते. ती तरन्नुमबरोबर बांगड्यांच्या धंद्यात बसू लागली. आठवडी बाजार करायचे, कधी इथं, कधी तिथं. बाळापूरच्या बाजारालाही जावं लागायचं. पहिल्या वर्षी ती प्रत्येक लेकुरवाळ्या बाईच्या तोंडाकडं बघायची. मग ते सुटलं.

मागच्या माघातली गोष्ट. बाळापूरच्या बाजारात लग्नसराईची गर्दी होती. तरन्नुम नव्या नवरीचा चुडा भरत होती. एक बारा-तेरा वर्षांची पोरगी खुर्शीदबीसमोर येऊन बसली आणि तिनं डावा हात पुढं केला. हिरव्या बांगड्या भरून झाल्या. मग पोरीनं उजवा हात पुढं केला, थोडा दबकत, पालथा.

बांगडी भरताना आधी हात दाबून लहान करावा लागतो. अंगठा आत वळवायचा, तळहात चेपायचा. खुर्शीदबीनं सवयीनं हात हातात घेतला आणि अंगठा वळवायला गेली, तर तो आधीच वळलेला होता. बांगडी सरकन् मनगटात गेली.

"ह्या हातात पटकन जातेत बांगड्या," पोरगी हसून म्हणाली. "दुसऱ्यात दुखतंय."

खुर्शीदबीनं हात उलटा केला. तळहातावर मऊ, जराशी गडद कातडी होती, आणि अंगठ्याच्या मुळाशी दोरीसारखी ताठ एक वळी. त्या दोन्हींच्या मधला जोड. तिनं पोरीच्या तोंडाकडं बघितलंच नाही. त्या जोडावरून बोट फिरवत राहिली. प्रत्येक वळण तिला ठाऊक होतं.

मागून एक बाई म्हणाली, "अगं बाई, मावशी! वसमतच्या दवाखान्यातल्या न्हाई का तुमी?"

मिराबाई थोराड दिसत होती आता, पण आवाज तोच. तिनं खाली बसून खुर्शीदबीचे दोन्ही हात धरले. बाजूच्या बायांना सांगू लागली. "ह्यायनीच माझ्या लेकीचा हात उघडला. मूठ झाल्ती निस्ती. अंगठा तेवढा पुन्हा वळला, पर बोटं तर उघडी हायेत. ह्या नसत्या तर काय झालं असतं!" आणि लेकीला म्हणाली, "प्रतिक्षा, पाया पड मावशीच्या."

पोरगी वाकली. खुर्शीदबीला उठताही येईना. ती 'राहू दे, राहू दे' म्हणत राहिली. तरन्नुमनं चुडा भरता भरता मावशीकडं बघितलं आणि तिला काहीतरी वेगळं दिसलं. पण समोर गिऱ्हाईक होतं. मायलेकी गर्दीत निघून गेल्या.

परतीच्या टमटममध्ये खुर्शीदबीनं तरन्नुमला सगळं सांगितलं. तरन्नुम म्हणाली, "आता सांगून काय होणार खाला? त्या खुश हायेत. आठ वर्षं झाली."

"त्या माझ्या पाया पडून गेल्या ना," खुर्शीदबी म्हणाली.

पंधरा दिवस तिनं काढले. मग एका सकाळी एसटीनं बाळापूरला गेली, तिथून रिक्षानं वस्तीवर. मिराबाई अंगणात तूर पाखडत होती. तातेराव टोळीबरोबर हळदीच्या कामावर गेला होता. प्रतिक्षा शाळेतून यायची होती. मिराबाईनं सूप बाजूला ठेवलं, चटई टाकली, चहा ठेवायला उठली.

"चहा नको. बस. मला एक सांगायचं हाय."

खुर्शीदबीनं सांगितलं. पन्नी कशी दाबतात, खूण कशासाठी करतात, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आपण काय म्हणालो, तुकडा उलटा कसा पडला. मांडीचा पापुद्रा का लावावा लागला. तिनं डॉक्टरांवर काही ढकललं नाही. मिराबाई ऐकत होती. एक-दोनदा तिनं सुपातला खडा उचलून बाजूला टाकला.

मग तिनं विचारलं, "म्या त्या दिवशी इचारलं होतं तुमाला. हा तुकडा येगळा काहून दिसतो म्हून. तवा तुमाला ठावं होतं?"

"व्हय."

"तुमी म्हणल्या काई तकलीफ न्हाई."

"व्हय. म्हणले."

मिराबाई उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. "पोरगी रोज रडायची त्या फळीपायी. सासू म्हणायची, काहून छळून राहिली लेकराला, हात तर बरा झाला. म्या म्हणलं, मावशी म्हणल्या काई तकलीफ न्हाई. म्या सोडली फळी. मला कोणी सांगितलं असतं की तो तुकडा आवळणार हाय, तर म्या सोडली असती का? पोरगी रडली असती, म्या रडले असते, पर सोडली नसती. आठ वर्षं म्या माझ्या मनाला खाऊन राहिले, की म्या फळी सोडली म्हून अंगठा वळला."

हे खुर्शीदबीला ठाऊक नव्हतं. आपण पन्नी उलटी ठेवली, ह्याच एका गोष्टीभोवती तिचं मन आठ वर्षं फिरत होतं. 'काई तकलीफ न्हाई' ह्या एका वाक्यानं दुसरीकडं काय केलं, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. माफी मागायला ती आली होती, पण आता तो शब्द तोंडातून निघेना.

तेवढ्यात प्रतिक्षा दप्तर घेऊन आली. आईचं तोंड बघून दारातच थांबली. मिराबाई आत निघून गेली. पोरीनं विचारलं, "काय झालं?" मग खुर्शीदबीनं तिलाही सांगितलं, लहान करून.

"उलटं म्हंजी कसं?" प्रतिक्षानं विचारलं.

तिनं वहीचं पान फाडून दिलं. खुर्शीदबीनं पोरीचा तळहात त्यावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवली, आणि कात्री नव्हती म्हणून नखानं दाबत आकार फाडला. कागद तळहातावर ठेवला. बसला. मग पालथा करून ठेवला. अंगठा भलतीकडं गेला. प्रतिक्षानं तो दोन-तीनदा सुलटा-उलटा करून बघितला. मग कागदाच्या एका अंगावर तिनं डाव्या हातानं 'वर' असं लिहिलं.

"एवढंच करायचं होतं?" तिनं विचारलं.

"एवढंच."

पोरगी रागावली नाही, हसलीही नाही. ती कागद तिथंच ठेवून पाणी प्यायला आत गेली.

खुर्शीदबीनं त्या संध्याकाळी राठोड डॉक्टरांना फोन लावला. त्यांना नाव सांगावं लागलं नाही. "हळदीचं लेकरू," ते म्हणाले. मग म्हणाले, "मीही तेव्हा फोनचं दुसऱ्यांदा विचारलं नाही तुम्हाला, आपा. मला वाटलं असतं तर मी जीप काढून गेलो असतो." त्यांनी सांगितलं, आणा पोरीला.

हे मिराबाईच्या कानावर घालायला पुन्हा वस्तीवर जायची हिंमत खुर्शीदबीला झाली नाही. तिनं फोन केला. मिराबाईनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "आता तरी खरं सांगा. उघडंल का?"

"पुरता न्हाई उघडणार. आठ वर्षांत सांधा बसला हाय. थोडा उघडंल. किती ते डॉक्टरबी सांगू शकत न्हाईत."

"बराबर," मिराबाई म्हणाली, आणि फोन ठेवला. दोन आठवड्यांनी ती लेकीला घेऊन नांदेडला गेली.

ह्या वेळी पन्नी लागली नाही. डॉक्टरांनी त्या ताठ वळीवर पेनानं नागमोडी रेघ काढली, कोन मोजले, टोकं बोटानं चिमटून बघितली. दोन्ही बाजूंचे तिकोनी पदर सोडवून एकमेकांच्या जागी फिरवले की आवळलेली लांबी सुटते, असं त्यांनी मायलेकींना कागदावर काढून दाखवलं. खुर्शीदबीही नांदेडला आली होती, ती बाहेर बाकावर बसून होती. मिराबाई समोरच्या बाकावर बसली. ऑपरेशनचे दोन तास दोघींच्या मध्ये माणसं येत-जात राहिली.

फळी मात्र खुर्शीदबीनंच करायची, असं डॉक्टरांनी ठरवलं. मिराबाईनं नाही म्हटलं नाही. दर पंधरा दिवसांनी ती लेकीला वसमतला आणते, हात पुढं करायला लावते, फळी कुठं टोचते ते सांगते. बाकी बोलत नाही. 'मावशी' म्हणायची ती आता 'बाई' म्हणते. खुर्शीदबीनं एकदा डबा करून दिला होता, तो तिनं तसाच परत केला. रागानं नाही. "आमी जेवून आलो, बाई," म्हणाली. सहा महिन्यांत फळी बांधायची एकही वेळ चुकली नाही. प्रतिक्षा वैतागून सांगते, "आई झोपेतबी हात लावून बघती, पट्टी हाय का न्हाई."

परवा नांदेडला डॉक्टरांनी शेवटचं माप घेतलं. अंगठा आणि तर्जनी ताणून दोन्हींमधलं अंतर पट्टीनं मोजलं. डाव्या हाताला पावणेपाच इंच भरलं, उजव्याला तीन. ह्याहून जास्त आता उघडायचं नाही, ते म्हणाले. खुर्शीदबी कोपऱ्यात उभी होती. तिनं मनात वजाबाकी केली, आणि जे उरलं ते आपल्या नावचं आहे हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"लिहायला जमतंय का उजव्यानं?" डॉक्टरांनी विचारलं.

"डाव्यानंच लिवते," प्रतिक्षा म्हणाली. "आता उजव्यानं कशाला?"

मिराबाई पिशवी उचलता उचलता थांबली. खुर्शीदबीकडं न बघता डॉक्टरांना म्हणाली, "सायकलीचा उजवा ब्रेक दाबता येतो तिला आता. आधी येत नव्हता."

मग दोघी बसच्या वेळेसाठी घाईनं निघाल्या.